काविळीने गेलेल्या व्यक्तीचे एम्बामिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शवागारातील कर्मचारी, शरीररचनाशास्त्र विभागांतील निवासी डॉक्टर आणि कधी कधी मृतांचे नातेवाईक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एम्बामिंग म्हणजे मृतदेह काही काळ टिकावा म्हणून रक्तवाहिन्यांतून परिरक्षक द्रावण सोडणे. पहिले चार प्रश्न कोणीही वाचावेत असे आहेत. पाचव्यापासून पुढचे बरेचसे प्रत्यक्ष काम करणाऱ्यांसाठी आहेत. नातेवाइकांनी थेट प्रश्न १५ व १७ पाहिले तरी चालेल.

१. आदल्या रात्री चेहरा पिवळा होता, एम्बामिंगनंतर सकाळी तो हिरवट दिसू लागला. असे का होते?

रक्तातील जुन्या तांबड्या पेशी मोडल्या की त्यांतील हीम या लोहयुक्त घटकापासून बिलिरुबिन हे पिवळे रंगद्रव्य तयार होते. निरोगी माणसाच्या रक्तात त्याचे प्रमाण दर १०० मिलिलिटरला साधारण १.२ मिलिग्रॅमच्या आत असते. ते २ ते ३ मिलिग्रॅमच्या वर गेले की डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसू लागतो. यकृत निकामी होऊन किंवा पित्तनलिका तुंबून मृत्यू आला असेल तर हा आकडा २० किंवा ३० च्याही पुढे गेलेला असतो. बिलिरुबिनचे ऑक्सिडीकरण झाले की त्याचे बिलिव्हर्डिन होते आणि बिलिव्हर्डिन हिरवे असते. तीव्र व आम्लधर्मी फॉर्मॅलिनच्या (एम्बामिंगमधील मुख्य रसायन, फॉर्माल्डिहाइडचे पाण्यातील द्रावण) संपर्कात हा बदल झपाट्याने होतो. ज्यांनी वैद्यकीय महाविद्यालयातील विकृतिशास्त्राचे संग्रहालय पाहिले आहे त्यांना पित्त तुंबलेल्या यकृताचे बरणीतील हिरवेगार तुकडे आठवतील. शरीरातून काढले तेव्हा ते इतके हिरवे नव्हते, फॉर्मॅलिनने त्यांना तसे केले. चेहऱ्याच्या त्वचेत घडते ते हेच, आणि ते काही तासांत हळूहळू उमटत असल्यामुळे काम संपवून निघालेल्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो.

पिवळेपणा आजाराने आणलेला असतो, हिरवेपणा मात्र बहुतेक वेळा आपल्या हातून येतो. घरच्यांनी रुग्णालयात कित्येक दिवस पिवळा चेहरा पाहिलेला असतो व मनाने तो स्वीकारलेलाही असतो. हिरवा चेहरा त्यांच्यासाठी नवा असतो. खालच्या उत्तरांतील बहुतेक सूचना एवढ्या एका कारणासाठी आहेत.

२. कावीळ होती, मग एम्बामिंग करणे आवश्यकच आहे का?

नाही. अंत्यसंस्कार २४ तासांच्या आत व त्याच गावात होणार असतील तर शीतपेटी पुरेशी आहे, आणि रंगाच्या दृष्टीने ती अधिक सुरक्षितही आहे, कारण थंडीने पिवळा रंग जात नसला तरी तो हिरवाही होत नाही. मृतदेह विमानाने न्यायचा असेल, परदेशातून कोणी येईपर्यंत काही दिवस थांबायचे असेल, किंवा सूज व पोटातील पाण्यामुळे देह लवकर बिघडण्याची भीती असेल, तरच एम्बामिंगचा विचार करावा. शीतगृहात ठेवून मग एम्बामिंग करायचे असेल तर ते उद्यावर ढकलू नये; रक्तपेशी फुटून त्यांचा तांबूस डाग त्वचेत मुरत जातो आणि पिवळ्यावर तो मळकट तपकिरी दिसतो.

३. मृतदेह पिवळा दिसतो, पण केसपेपरवर काविळीचा उल्लेख नाही. खरी कावीळ कशी ओळखावी?

पापणी वर करून डोळ्याचा पांढरा भाग दिवसाच्या उजेडात पाहावा. बिलिरुबिनला इलॅस्टिन या तंतूंची ओढ असते आणि ते तेथे भरपूर असतात, म्हणून खऱ्या काविळीत डोळे नेहमी पिवळे असतात. सावळ्या त्वचेवर तर हीच एक खात्रीची खूण आहे, जोडीला जिभेखालचा भाग पाहावा. गाजर-पपईसारख्या पदार्थांतील कॅरोटिन शरीरात साचले असेल तर तळहात-तळपाय पिवळे असतात, डोळे पांढरेच राहतात. मेपाक्रिनसारख्या काही औषधांनीही त्वचा पिवळी होते. बिलिरुबिन नसेल तर हिरवे पडण्याची भीती नाही, नेहमीचे द्रावण चालते.

उलट चूकही होते. ओटीपोटाच्या उजव्या बाजूला खाली दिसणारा हिरवा डाग हा कुजण्याचा पहिला डाग असतो, त्याचा काविळीशी संबंध नाही. तेथे सौम्य द्रावण वापरण्याची चूक महागात पडते. पित्ताशयाच्या वर, बरगड्यांच्या खाली मर्यादित हिरवट छटा असेल तर ती बहुधा झिरपलेल्या पित्ताची असते.

४. पिवळा रंग पूर्णपणे धुऊन काढता येतो का?

येत नाही, आणि तसे आश्वासन कोणी देऊ नये. रंगद्रव्याचा काही भाग रक्तात असतो. प्रौढ माणसात दर किलो वजनामागे सुमारे ७० मिलिलिटर, म्हणजे ६० किलोच्या देहात ४ लिटरहून थोडे अधिक रक्त असते. त्यातले जितके बाहेर काढू तितका रंग कमी होतो. दुसरा भाग त्वचेच्या व चरबीच्या पेशींत आणि तंतूंत मुरलेला असतो. तो तसाच राहतो. डोळ्यांचा पिवळेपणा तर अजिबात जात नाही. पापण्या नीट मिटवून घेणे एवढेच हाती असते. नातेवाइकांना कामाच्या आधीच सांगावे की रंग फिका होईल, उरलेला झाकता येईल, नाहीसा होणार नाही. हे नंतर सांगितले तर ती सबब वाटते.

५. आमच्या रुग्णालयात काविळीसाठीचे वेगळे तयार द्रावण मिळत नाही, फक्त फॉर्मॅलिनचे कॅन आहेत. द्रावण कसे करावे?

सर्वाधिक येणारा प्रश्न हा आहे, म्हणून उत्तर थोडे लांब आहे.

बाजारातील फॉर्मॅलिनमध्ये ३७ ते ४० टक्के फॉर्माल्डिहाइड असते. पुष्कळ ठिकाणी सवयीने १० लिटर द्रावणात दीड-दोन लिटर फॉर्मॅलिन ओतले जाते. शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये वर्षभर ठेवायच्या देहासाठी ते ठीक आहे, तेथे रंगाची पर्वा करण्याचे कारणही नाही. तीन-चार दिवसांत दहन किंवा दफन होणाऱ्या काविळीच्या देहासाठी ते फार तीव्र आहे. हिशेब सोपा आहे: १० लिटर द्रावणात ५४० मिलिलिटर फॉर्मॅलिन म्हणजे साधारण २ टक्के फॉर्माल्डिहाइड, आणि ४०० मिलिलिटर म्हणजे साधारण दीड टक्का. सूज नसलेल्या, ताज्या, मूत्रपिंडे शाबूत असलेल्या काविळीच्या देहासाठी आम्ही दीड टक्क्याने सुरुवात करतो आणि बोटांची टोके, कानाची पाळी व ओठ घट्ट होऊ लागले नाहीत तर पुढच्या भागात प्रमाण २ टक्क्यांपर्यंत वाढवतो. तीव्रता कमी केली की आकारमान वाढवावे लागते, हा नियम विसरू नये. सौम्य द्रावण ५ लिटरवर थांबवले तर देह रंगाने चांगला व टिकण्याच्या दृष्टीने वाईट राहतो.

दुसरी गोष्ट आम्लतेची. कॅनमध्ये पडून राहिलेल्या फॉर्मॅलिनमध्ये हळूहळू फॉर्मिक आम्ल तयार होते आणि बिलिरुबिन हिरवे होण्यास त्याची मदत होते. म्हणून १० लिटरला सुमारे १०० ग्रॅम बोरॅक्स कोमट पाण्यात आधी विरघळवून घालावा व लिटमस कागदाने द्रावण किंचित अल्कधर्मी झाल्याची खात्री करावी. विकृतिशास्त्र विभागात फॉस्फेट मिसळलेले उदासीन फॉर्मॅलिन तयार असते. त्यात एका लिटरला १०० मिलिलिटर फॉर्मॅलिन असते, म्हणून ते तितक्याच पाण्याने पातळ करून वापरता येते. तळाशी पांढरा गाळ बसलेला जुना कॅन अशा कामासाठी उघडूच नये.

ग्लिसरिन अर्धा लिटर घालावे, कारण कोरडी पडलेली पिवळी त्वचा तपकिरी कागदासारखी दिसते. सोडियम सायट्रेट गुठळ्या सैल करण्यासाठी उपयोगी आहे, ते पूर्वद्रावणात घालणे अधिक बरे (प्रश्न ६). फिनॉल शक्यतो वगळावे किंवा अगदी थोडे ठेवावे. हवेने ते स्वतःच लालसर-तपकिरी होते. रंगासाठी प्रश्न ८ पाहावा.

६. पूर्वद्रावण द्यावे की नाही याबद्दल दोन ज्येष्ठ दोन गोष्टी सांगतात. खरे काय?

दोघेही आपापल्या जागी बरोबर असतील. फॉर्माल्डिहाइड नसलेले, कोमट पाणी, सायट्रेट व थोडा बोरॅक्स यांचे दोन-तीन लिटर द्रावण आधी सोडून शिरेवाटे रक्त बाहेर काढणे म्हणजे पूर्वद्रावण. फॉर्माल्डिहाइड पोहोचण्याआधीच रंगद्रव्य असलेले रक्त निघून जात असल्यामुळे काविळीत त्याचा फायदा सर्वाधिक दिसतो. ते दिल्यावर १५ ते ३० मिनिटे थांबावे व मग निचरा पूर्ण करून मुख्य द्रावण सुरू करावे.

ज्या देहात आधीच पाणी साचले आहे, किंवा जो कुजू लागला आहे, त्याला मात्र ते देऊ नये. तेथे आपण आणखी पाणी भरतो आणि मागून येणाऱ्या द्रावणाची धार बोथट करतो. यकृताच्या सिऱ्हॉसिसमध्ये (यकृत घट्ट व निबर होण्याच्या आजारात) कावीळ आणि सूज हातात हात घालून येतात, म्हणूनच हा वाद मिटत नाही. अशा देहांसाठी प्रश्न १० मधील पद्धत वापरावी.

७. मांडीची धमनी घ्यावी की मानेची? आणि निचरा किती करावा?

आपल्याकडे सवय मांडीच्या धमनीची आहे, कारण छेद कपड्याखाली जातो आणि हात बसलेला असतो. काविळीत मात्र उजवी मानेची धमनी व तिच्या शेजारची मोठी शीर घ्यावी असे आमचे मत आहे. चेहऱ्यातून परतणारे रक्त त्याच शिरेतून येते, त्यामुळे जो भाग लोक पाहणार आहेत तोच सर्वांत स्वच्छ होतो. छेद गळपट्टीच्या हाडालगत घेतला तर सदऱ्याची कॉलर किंवा पदर त्यावर येतो.

शरीररचनाशास्त्र विभागांत कित्येकदा निचरा न करताच द्रावण भरले जाते. काविळीत ती पद्धत पूर्णपणे सोडावी. निचऱ्याशिवाय रंगद्रव्य आतच राहते आणि द्रावण त्याला जागीच हिरवे करते. पहिल्या दोन लिटरपर्यंत शीर सतत उघडी ठेवावी, त्यानंतर अधूनमधून बंद करून उघडावी, म्हणजे द्रावण दूरवर पोहोचते. बाहेर येणारा द्रव गडद तांबड्या-पिवळ्यावरून फिका होत गेला पाहिजे. पंप नसेल तर बाटली टांगून काम होते. एक मीटर उंचीला सुमारे ७४ मिलिमीटर पाऱ्याएवढा दाब मिळतो आणि मऊ त्वचेच्या काविळीच्या देहासाठी तो पुरतो. घाई करून दाब वाढवला तर पापण्या व मान सुजतात. हात, बोटे व कानांना खालून हृदयाच्या दिशेने हलके चोळत राहणे हे कंटाळवाणे काम आहे, पण पंपाने साधत नाही ते त्याने साधते.

८. इओसिन (द्रावणात घालायचा लाल रंग) किती घालावे? मागच्या वेळी चेहरा संत्र्यासारखा झाला.

पिवळ्यावर लाल रंग चढला की नारिंगी होणारच. इओसिनचा हेतू गालावर लाली आणणे हा नाही. पिवळ्या पार्श्वभूमीला किंचित उबदार छटा देणे हा आहे. पाण्यात विरघळवलेले इओसिन थेंबाथेंबाने घालावे, द्रावण पांढऱ्या मगमध्ये घेऊन पाहावे आणि ते फिक्या गुलाबी सरबतापेक्षा गडद होऊ देऊ नये. गोऱ्या त्वचेला याहूनही कमी लागते, गव्हाळ व सावळ्या त्वचेवर थोडे अधिक खपते. द्रावण कोठे पोहोचले हे नखांच्या गुलाबी छटेवरून कळते, हा त्याचा दुसरा उपयोग. पहिल्या भागात रंग न घालता निचरा होऊ द्यावा व शेवटच्या तीन-चार लिटरमध्ये रंग घालावा, म्हणजे तो वाहून जात नाही आणि अंदाजही चुकत नाही.

९. ग्लुटाराल्डिहाइड वापरले किंवा तयार जॉन्डिस फ्लुइड आणले तर हिरवे पडणार नाही ना?

धोका पुष्कळ कमी होतो. तयार द्रावणांत फॉर्माल्डिहाइड कमी ठेवून इतर परिरक्षके व झाकणारे रंग घातलेले असतात. लेबलवरील प्रमाण पाळावे आणि स्वतःच्या अंदाजाने वर फॉर्मॅलिन ओतू नये, नाहीतर ते आणण्याचा हेतूच बुडतो. ग्लुटाराल्डिहाइड हे फॉर्माल्डिहाइडसारखेच परिरक्षक कमी प्रमाणात काम करते, पण उतीला स्वतःची पिवळसर छटा देते (कातडी कमावणाऱ्यांना ही गोष्ट चांगली ठाऊक आहे) आणि त्याची वाफ श्वसनमार्गाला त्रासदायक असते. लहान केंद्राने केवळ काविळीसाठी ते साठवून ठेवावे असे आम्हाला वाटत नाही.

१०. पोटात पाणी, पाय सुजलेले आणि गडद कावीळ. सौम्य द्रावण दिले तर देह टिकत नाही, तीव्र दिले तर हिरवा होतो. मार्ग काय?

या कामातली खरी अडचण हीच आहे. सुजलेल्या देहात साचलेले पाणी आपले द्रावण आणखी पातळ करते, त्यामुळे दीड टक्क्याचे द्रावण उतीपर्यंत पोहोचताना नाममात्र उरते. येथे निवड करायची झाली तर टिकणे आधी, रंग नंतर. हिरव्या चेहऱ्यावर रंगलेपन करता येते. कुजलेल्या चेहऱ्यावर काहीच करता येत नाही.

सुदैवाने निवड टाळता येते, कारण चेहरा आणि धड यांना वेगवेगळे द्रावण देता येते. मानेच्या दोन्ही बाजूंच्या धमन्या उघडाव्यात. दोन्हींच्या डोक्याकडील टोकांत नळ्या बसवून त्या उघड्याच ठेवाव्यात, म्हणजे धडाकडून वर येणारे द्रावण चेहऱ्यात न साचता बाहेर पडते. धडाकडील डावे टोक बांधावे. मग उजव्या धमनीतून धडाच्या दिशेने २ ते ३ टक्क्यांचे द्रावण पूर्वद्रावणाशिवाय द्यावे आणि निचरा सैल ठेवावा. धड पूर्ण झाल्यावर चेहऱ्यासाठी वेगळ्या भांड्यात केलेले, इओसिन घातलेले सौम्य द्रावण आधी डाव्या व मग उजव्या बाजूने हळूहळू सोडावे. चेहऱ्याला एक-दीड लिटर पुष्कळ होते. सुजलेल्या चेहऱ्याखाली उशी उंच ठेवावी.

पोटातील पाणी धमनीतून द्रावण देण्याच्या आधी ट्रोकारने (पोकळीत खुपसायच्या टोकदार पोकळ नळीने) थोडे काढले तर आतील दाब कमी होऊन द्रावण नीट फिरते. मात्र ट्रोकार वरच्यावर राहील व मोठ्या रक्तवाहिन्यांना लागणार नाही हे पाहावे. पोकळीत शेवटी घालायचे द्रावण तीव्रच असावे, ते चेहऱ्यापर्यंत येत नाही. पायांची सूज फार असेल तर पाय स्वतंत्रपणे मांडीच्या धमनीतून भरावेत व प्लास्टिकच्या पायमोज्यात गुंडाळावेत, कारण झिरपणारे पाणी शवपेटीत उतरते.

११. रुग्ण डायलिसिसवर होता आणि कावीळही होती. तोच नियम का?

नाही. मूत्रपिंडे निकामी झाल्यावर साचलेले यूरिया व अमोनियासारखे नायट्रोजनयुक्त पदार्थ फॉर्माल्डिहाइडशी संयोग पावून ते निकामी करतात. म्हणून धडाचे द्रावण आपण ठरवले त्याहून तीव्र लागते, आणि बोटांची टोके घट्ट झाली का हे पुन्हा तासाभराने तपासावे लागते. चेहरा वेगळा ठेवण्याची पद्धत प्रश्न १० प्रमाणे. लेप्टोस्पायरोसिसच्या गंभीर प्रकारात कावीळ आणि मूत्रपिंड दोन्ही एकदम बिघडतात. कोकणात व मुंबईत पावसाळ्यात असे देह येतात तेव्हा हे उत्तर आठवावे.

१२. कावीळ संसर्गजन्य असते ना? मृतदेहाला हात लावणे सुरक्षित आहे का?

पिवळा रंग संसर्गजन्य नसतो, त्यामागचे कारण असू शकते. पित्ताशयाचे खडे, कर्करोग किंवा दारूने झालेला सिऱ्हॉसिस यांपासून कोणाला काही होत नाही. हिपॅटायटिस बी व सी रक्तातून पसरतात. ए व ई दूषित पाणी-अन्नातून. नातेवाइकांनी स्वच्छ केलेल्या देहाच्या कपाळाला किंवा हाताला स्पर्श करण्यात धोका नाही. जखमांना व नळ्यांच्या जागांना हात लावू नये आणि नंतर हात धुवावेत.

काम करणाऱ्यांची गोष्ट निराळी आहे. काविळीचे कारण लिहिलेले नसेल तर देह हिपॅटायटिस बी चा आहे असे धरूनच काम करावे. हा विषाणू शरीराबाहेर वाळलेल्या रक्तात किमान सात दिवस टिकतो. लस आहे, तिचे तीन डोस ०, १ व ६ महिन्यांनी घ्यायचे असतात, आणि शवागारातील कंत्राटी कर्मचाऱ्यांना ती दिली जात नाही ही तक्रार आमच्याकडे वारंवार येते. विभागप्रमुखांनी यात लक्ष घालावे. सुई टोचली तर जागा साबण-पाण्याने धुवावी, पिळू नये, आणि लस पूर्ण झालेली नसेल तर २४ तासांच्या आत इम्युनोग्लोब्युलिनसाठी (विषाणूविरुद्धच्या तयार प्रतिद्रव्यांच्या इंजेक्शनसाठी) रुग्णालयात जावे. सांडलेल्या रक्तावर हायपोक्लोराइट हे जंतुनाशक वापरताना ते फॉर्मॅलिनमध्ये मिसळू देऊ नये. मध्ये पाण्याने जागा धुवावी. फॉर्माल्डिहाइड हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात ठेवलेले रसायन आहे, म्हणून पंखा बंद करून व खिडकी लावून काम करण्याची पद्धत सोडावी.

१३. पोलीस केस आहे, शवविच्छेदन व्हायचे आहे. रंग बिघडू नये म्हणून आधी एम्बामिंग केले तर?

करू नये, कोणी कितीही विनवले तरी. फॉर्मॅलिनने अनेक विषांचा पुरावा नष्ट होतो किंवा बदलतो. काविळीच्या बाबतीत ही शंका दूरची नाही: पिवळा फॉस्फरस असलेली उंदीर मारण्याची पेस्ट पोटात गेली तर काही दिवसांनी यकृत निकामी होऊन गडद कावीळ होते, आणि घरच्यांना ती साधी कावीळ वाटू शकते. पॅरासिटॅमॉलच्या अतिसेवनानेही असे होते. कागदपत्रांत संशय दिसला तर आधी शवविच्छेदन, मग पोलिसांचे ना-हरकत पत्र, आणि मगच एम्बामिंग.

शवविच्छेदनानंतर मोठ्या रक्तवाहिन्या कापलेल्या असल्यामुळे एका ठिकाणाहून काम होत नाही. मानेच्या दोन, हातांच्या दोन व पायांच्या दोन अशा सहा ठिकाणांहून भरावे लागते. काविळीसाठी ही गैरसोय नाही, उलट सोय आहे, कारण डोके आपोआप वेगळे झालेले असते.

१४. चेहरा हिरवा पडून गेला आहे आणि दोन तासांत नातेवाईक येणार आहेत. आता काय करता येईल?

आणखी द्रावण देऊ नये, त्याने हिरवेपणा वाढेल. ब्लीचचे बोळे ठेवणेही टाळावे. ते मुक्या मारासारख्या एखाद्या डागापुरते असतात, सर्वांगावर पसरलेल्या रंगात त्यांचे पांढरट चट्टे उमटतात. उरते ते रंगलेपन.

हिरव्याला लाल रंग मारतो, पिवळ्याला जांभळट. म्हणून हिरवट चेहऱ्यावर थेट त्वचेच्या रंगाची क्रीम लावली तर ती राखाडी दिसते. आधी विटकरी-लालसर छटेचा पातळ थर बोटाने थोपटून द्यावा, तो बसला की त्यावर त्वचेच्या रंगाचा दाट थर द्यावा. नुसत्या पिवळ्या चेहऱ्यासाठी पहिला थर फिकट जांभळट असावा. कान, नाकपुड्यांची कडा, मान व हात विसरू नयेत. रंगवलेल्या चेहऱ्याशेजारी हिरवे कान हे सर्वांत वाईट दिसते. हातांवर इतके काम करण्यापेक्षा ते शालीखाली घेतलेले बरे.

रंगाचा निर्णय ट्यूबच्या पांढऱ्या उजेडात घेऊ नये. काविळीच्या डोळ्याला सारे पिवळे दिसते म्हणतात, तसे शवागारातील जुन्या ट्यूबखाली आपल्याला सारेच हिरवे दिसते. देह कोठे ठेवणार आहेत हे विचारावे आणि तशा उजेडात पाहावे.

१५. आईला सवाष्ण म्हणून हळद-कुंकू लावायचे आहे. आणि आमच्याकडे गोव्यात चेहरा उघडा ठेवतात. काही काळजी घ्यावी का?

हळद-कुंकू जरूर लावावे. एक गोष्ट मात्र एम्बामिंग करणाऱ्याने आधी पाहावी: हळद अल्कधर्मी पदार्थाने लालभडक होते, हे हळदीचा डाग साबणाने धुतलेल्या कोणाही गृहिणीला माहीत आहे. द्रावणातील बोरॅक्स किंवा साबण चेहऱ्यावर राहिला असेल तर कपाळावरची हळद रक्तासारखी दिसू लागते आणि घरात गोंधळ उडतो. चेहरा साध्या पाण्याने दोनदा पुसून कोरडा करावा. रंगलेपन केले असेल तर हळद चोळू नये, फक्त टेकवावी.

गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांत आखाती देशांतून मुले येईपर्यंत थांबण्याची वेळ अनेकदा येते आणि शवपेटी घरी व चर्चमध्ये उघडी असते, म्हणून तेथे हा प्रश्न अधिक जाणवतो. दर्शनाची वेळ आधी कळवली तर एम्बामिंगनंतरचा रंग स्थिर होऊ देऊन मग रंगलेपन करता येते. घरात पिवळसर उबदार दिवा असावा. हिरव्या किंवा निळ्या कापडाच्या मांडवाखाली, भर उन्हात, कोणाचाही चेहरा हिरवाच दिसतो; शक्य असेल तर पांढरे कापड लावावे.

१६. नवजात बाळाची कावीळ निळ्या दिव्याने उतरते. मृतदेह तशा दिव्याखाली ठेवून पाहावा का?

उपयोग नाही. निळ्या उजेडाने बिलिरुबिनची रचना बदलते व ते पित्त-लघवीवाटे बाहेर टाकणे बाळाच्या शरीराला सोपे जाते. बाहेर टाकणारे रक्ताभिसरण व यकृत येथे नसते.

१७. वडील दुबईत काविळीने गेले. तेथून एम्बामिंग करूनच पाठवणार आहेत. आम्ही काय सांगावे, काय विचारावे?

विमान कंपनीला रंगाशी देणेघेणे नसते. तिला मृत्यूचा दाखला, एम्बामिंगचे प्रमाणपत्र, पेटी सीलबंद असल्याचे पत्र, पोलीस व वकिलातीचे ना-हरकत पत्र आणि रद्द केलेला पासपोर्ट हवा असतो. भारतात मृतदेह आणण्यासाठी १९५४ चे विमान आरोग्य नियम लागू आहेत. एम्बामिंग टाळता येत नाही, म्हणून दोन गोष्टी कराव्यात: कावीळ होती हे तेथे काम करणाऱ्यांना आधी कळवावे, आणि निघण्यापूर्वी चेहऱ्याचे छायाचित्र एकट्या एखाद्या काकांनी किंवा मामांनी मागवून पाहावे. चेहरा बदललेला असेल तर आईला व मुलांना पेटी उघडण्याआधी सांगता येते. घरी पोहोचल्यावर पेटी उघडून पुन्हा द्रावण देण्याचा आग्रह धरू नये. गरज असेल तर प्रश्न १४ प्रमाणे रंगलेपन पुरेसे होते.

१८. आजोबांनी देहदानाचा अर्ज भरला होता. काविळीमुळे महाविद्यालय देह नाकारू शकते का?

हो. काविळीचे कारण हिपॅटायटिस बी किंवा सी असेल तर बहुतेक शरीररचनाशास्त्र विभाग देह स्वीकारत नाहीत, कारण विद्यार्थी त्यावर महिनोन्‌महिने काम करतात. पित्तखडे किंवा कर्करोगाने झालेली कावीळ हा सर्वत्र नकाराचा मुद्दा नसतो. रक्ततपासणीचे अहवाल जवळ ठेवून आधी फोन करावा, आणि घरी किंवा अन्यत्र एम्बामिंग करवून देह नेऊ नये. विभाग आपले द्रावण आपल्या पद्धतीने देतो, आणि तेथे हिरवा रंग कोणाच्या नजरेत भरत नाही.